नकाशासकट

आमचे सर कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हात लावत तो उलटा. दाराची कडी असो, चहाची किटली असो की सायकलचं हँडल, आधी बोटांची मागची बाजू टेकवायची, जरा थांबायचं आणि मगच वस्तू धरायची. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी नवीन रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांच्यापुढे हजेरीपट केला, तर त्यांनी तो असाच उलट्या बोटांनी शिवून पाहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे वडील छप्पन साली बौद्ध झाले, घरातले जुने देव गेले, पण गल्लीतल्या नजरा काही गेल्या नव्हत्या. कोण कसं शिवतं आणि कोण कसं शिवायचं टाळतं हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नसे. मनात म्हटलं, विज्ञानाचा मास्तर आणि ही तऱ्हा! तेवढ्यात त्यांनी मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेच्या, टेबलावरच्या घंटेलाही तसंच केलं, पाण्याच्या पिंपाला तसंच केलं आणि शेवटी स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही तसंच केलं. मला हसू फुटलं.

"काहून हासून राह्यल्या बाई?"

"डब्यात करंट असतो का सर?"

"डब्यात नसते. पण हाताले सवय पायजे. झटका बसला का मूठ आवळते. हात सुलटा असला तं वस्तूलेच धरून ठेवते, उलटा असला तं सुटते. एवढंच."

आमची ओळख झाली ती अशी. पुढे वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलो. मला त्यांचा राग पुष्कळदा आला आणि लळा त्याहून जास्त लागला, हे आधीच सांगून टाकते.

सर एकटेच राहत. डोक्यावर पांढरी टोपी आणि उन्हाळ्यात टोपीखाली ओला पंचा. वर्गात शिरताना पंचाचं पाणी कानामागून गळत असे, आणि पहिल्या बाकावरच्या मुली त्यांना 'झरा सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. उलट 'झरा' कशाला म्हणतात ते भूगोलाच्या बाईंकडून नीट समजून घ्या, असं ते त्या मुलींना सांगत.

त्यांचं एक वेड होतं, आणि ते वेड म्हणजेच सर. कुणीही काही करून दिलं की ते पहिल्यांदा विचारत, "कसं केलं?" मी एकदा जवसाची चटणी नेली. त्यांनी बोटभर चाटली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कशी केली?" मी म्हटलं, "खा ना सर, चटणी आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. "वस्तू दिली अन् नकाशा नाई दिला, तं अर्धीच दिली. अर्धी चटनी मले पचत नाई." मग जवस किती भाजले, लसूण कच्चा की तळलेला, हे सगळं मी सांगितल्यावरच त्यांनी ती खाल्ली, आणि आठ दिवसांनी स्वतः करून आणली. सोबत तोंडी हिशेब: "तुमची चटनी हाय. म्या त्यात तीळ टाकले. काहून, तं जवस कमी पडले. आता तुमी कोनाले देसान तं तिळाचं सांगजा."

गृहपाठाच्या बाबतीतही हाच कायदा. एकमेकींचं बघून लिहायला त्यांची बंदी नव्हती. मात्र खाली लिहायचं: कुणाचं घेतलं आणि काय बदललं. त्यामुळे आमच्या शाळेच्या वह्यांत अशा ओळी असत: 'हे उत्तर कुसुमकडून घेतले. बदल: शेवटचे वाक्य समजले नाही म्हणून गाळले.' मोठ्या बाई कपाळाला हात लावत. शिक्षणाधिकारी तपासणीला आले तेव्हा बाईंनी त्या वह्या कपाटात घालून कुलूप लावलं होतं. पण खरं सांगते, सरांच्या वर्गातल्या मुली चोरून काही करत नसत, कारण चोरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पावसाळ्यात छप्पर गळत होतं आणि आम्ही दोघं स्टाफरूममध्ये बादल्या मांडत होतो तेव्हा. त्यांच्या गावात एक म्हातारबुवा काविळीचं औषध देत. आपल्याकडे अशी औषधं देणारे पुष्कळ असतात, आणि औषध दुसऱ्याला सांगितलं की त्याचा गुण जातो, अशी त्यांची समजूत असते. बुवांनी जन्मभर लोकांना बरं केलं आणि मुलालासुद्धा न सांगता ते गेले. त्याच वर्षी सरांच्या आईला कावीळ झाली. "सारं गाव त्या पाल्याच्या मधातच उभं होतं बाई," सर म्हणाले, "बांधावर, वावरात, सारीकडे. पाला डोयानं दिसे. पन कोनता, ते सांगनारा गेलता." मग बादली भरली म्हणून ते ती ओतायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आता गारव्याकडे येते. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला नाही त्यांना काय सांगावं! ज्यांना परवडे ते चिखलदऱ्याला जात, बाकीचे ओली चादर अंगावर घेऊन पडत. त्या काळात कूलर ही साहेबांच्या बंगल्यातली चीज होती. सरांनी स्वतःच एक करून काढला. लोखंडी पेटी, तिला तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, वर भोकं पाडलेली पत्र्याची पन्हळ, समोर पंखा. पन्हळीत बादलीनं पाणी घालायचं, ते ताट्यांवरून झिरपत खाली येई आणि पंखा ओल्या वाळ्यातून हवा ओढी. त्याचं नाव त्यांनी 'गारवा' ठेवलं. पेटीला एक जादा तार होती. ती अंगणातल्या खड्ड्यात पुरलेल्या तांब्याच्या पट्टीपर्यंत जाई, आणि खड्ड्यात कोळसा आणि मीठ. या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं. पंख्याची वीज चुकून पेटीत उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या तारेतून जमिनीत जावी, यासाठी ते होतं.

आणि पेटीच्या पाठीवर पत्र्याची पाटी. तिच्यावर पांढऱ्या रंगात आख्खा नकाशा, मापांसकट, आणि त्याखाली सरांची अट. ती मला अजून पाठ आहे: 'हा गारवा कोणीही करावा. स्वतःच्या घरात हवा तसा बदलावा, कोणास सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या घरी दिल्यास हा नकाशा सोबत द्यावा. काय बदलले व का, ते खाली लिहावे. आधीची ओळ पुसू नये. घेणाऱ्यासही हीच मोकळीक द्यावी.'

तसाच एक त्यांनी स्टाफरूमलाही करून दिला, आणि त्याच्या पाटीवर पहिल्याच उन्हाळ्यात ओळी चढल्या. 'चाके बसवली. कारण: सरकवण्यास सोपे. शिपाई.' त्याखाली, 'चाके काढली. कारण: मुली ढकलत नेतात. मुख्याध्यापिका.' लोक हसत. सर मात्र पाटीपुढे उभे राहून ते कौतुकानं वाचत.

मी तेव्हा निरनिराळ्या कचेऱ्यांतल्या नोकरदारांच्या एका वसाहतीत राहत होते. घरात मी आणि माझी माय. वसाहतीचं एक मंडळ होतं आणि मंडळाचे एक सेक्रेटरी. ते कामसू गृहस्थ होते. नळाची वेळ, दिवाळीचा फराळ, रस्त्यावरचा दिवा, सगळ्यात पुढे. सरांच्या गारव्याचा नकाशा त्यांनी शाळेतूनच उतरवून नेला आणि एका वेल्डिंगवाल्याला हाताशी धरून सभासदांसाठी ओळीनं कूलर करून घेतले. मीही सभासद होते, मला नाही म्हणता येत नव्हतं. बाकी घरांत सेक्रेटरी स्वतः जाऊन कूलर खिडकीशी बसवून देत. आमचा हातगाडीवरून आला आणि उंबरठ्याबाहेर उतरवला गेला. आमच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर रस्त्यावरून दिसे, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागत नसे. मी आणि मायनं पेटी ओढत आत घेतली.

तिच्या पाठीवर पाटी नव्हती. माझ्या ते लक्षात आलं, पण म्हटलं, थंड हवा येतेय ना, बास.

एका दुपारी शाळेत निकालपत्रकं भरता भरता मी सहज म्हटलं, "सर, आमच्या कूलरचा वाळा भारी आहे. पाणी घालताना पेटीला हात लागला की मायच्या हाताला मुंग्या येतात. सांधे मोकळे होतात म्हणते. सेक्रेटरींच्या सासूबाई तर रोज दुपारी त्यांच्या कूलरला गुडघा टेकवून बसतात. वाळ्याचा गुण आहे म्हणतात सगळ्या."

सरांच्या हातातला टाक निकालपत्रकावरच पडला. शाई सांडली. त्यांनी पंचा डोक्यावर घेतला आणि सायकल काढली. मी मागून रिक्षात.

मी पोचले तेव्हा ते आमच्या घरात उकिडवे बसून पेटीला उलटा हात लावून झाले होते आणि पंखा बंद करून तार उपटून हातात घेऊन बसले होते. माय दारात उभी.

"खड्डा कोठी हाय?"

"कसला खड्डा?" मायनं विचारलं.

"अर्थिंगचा. त्याची तार कोनं काढली?"

तार कुणी काढली ते आम्हाला कसं ठाऊक असणार? आम्हाला ती होती हेच ठाऊक नव्हतं. सर जमिनीवर बसले. मायनं त्यांना माठातलं पाणी दिलं, आणि ते गटागटा प्यायले. ते आमच्याकडे नेहमीच पीत. मायच्या माठाच्या पाण्याची तारीफ करून त्याचाही 'नकाशा' त्यांनी मागे एकदा मागून नेला होता.

"कोरड्या पाटावर उभ्या राहून पानी घालता म्हून वाचल्या माय तुमी," ते म्हणाले. "हे औषध नाई. हे मरन हाय. ज्या दिवशी फरशी ओली असन त्या दिवशी सोडनार नाई."

त्याच पावली ते सेक्रेटरींकडे गेले. मीही गेले. सेक्रेटरींनी त्यांना ओटीवर बसवलं, सरबत दिलं आणि शांतपणे सगळं नाकारलं. वसाहतीतल्या घरांत प्लगला दोनच भोकं, तिसऱ्या तारेचं करायचं काय? अंगणं खणायला वरून मनाई. म्हणून ती तार काढली, आणि थोडं फार इकडचं तिकडे केलं. लोक खुशीत आहेत. मुंग्या येतात, पण आजवर कुणाला काही झालं का?

"थोडं फार काय केलं? कोनच्या घरी काय केलं? ते लिवलं का पाठीवर?"

"ते मंडळाचं काम आहे सर. पाठीवर नकाशा लावला असता तर पलीकडच्या गल्लीनं उद्या उतरवून घेतला असता. बाजारात वाळा आहे किती?"

"माह्यी अट हाय."

"तुमची अट दुसऱ्याला देण्याची आहे." सेक्रेटरी कचेरीत कागद वाचणारे होते, त्यांनी अट नीट वाचली होती. "आम्ही बाहेर कुठे दिला? आपसात केला, आपसात वाटला. वसाहत म्हणजे एक घर आहे. आणि स्वतःच्या घरात काय बदललं ते सांगण्याची गरज नाही, हे तुम्हीच लिहिलंय."

सर उठले. खरंच लिहिलं होतं त्यांनी. घराबाहेर पडल्यावर ते मला म्हणाले, "मानूस हुशार हाय. बुवासारखा." तो कुठला बुवा ते मला ठाऊक होतं.

त्यांनी घरोघर जाऊन सांगून पाहिलं. बायका ऐकून घेत आणि म्हणत, सेक्रेटरींना विचारून सांगतो. काही जण म्हणत, मास्तरचा नकाशा मंडळानं सुधारला म्हणून मास्तर जळतो. आमचा कूलर तेवढा बंद झाला. बाकीचे सगळे चालू, आणि सासूबाईंचा गुडघा रोज दुपारी पेटीला. मला रात्री झोप लागेना. शेवटी मीच मंडळाची बैठक बोलवायला लावली.

बैठक मैदानातल्या कडुलिंबाखाली, संध्याकाळी ऊन कलल्यावर. सतरंज्या अंथरलेल्या. वारा बंद, जमीन तापलेली, सगळ्यांचे गळे सुकलेले. सर आले ते एका हातात कळशी आणि दुसऱ्या हातात पेले घेऊन. "बोलन्याच्या आधी पानी घ्या," म्हणत त्यांनी एकेकाला पेला दिला. पाणी गार आणि वाळ्याच्या वासाचं. लोकांनी मागून मागून घेतलं. सेक्रेटरींनीही घेतलं. कळशी मी ओळखली. आमची होती. मी घरातून निघाल्यावर सर मागच्या दारानं जाऊन मायकडून ती भरून घेऊन आले होते. कशासाठी ते त्यांनी मायला सांगितलं नव्हतं आणि मलाही नाही.

मग सर उभे राहिले. "सेक्रेटरीसाहेब म्हनतात, वसाहत म्हंजे एक घर. एक घर कशाले म्हनते? ज्याची चूल एक, ज्याचं पानी एक. भाऊ भाऊ असले तरी चूल वेगळी झाली का घर वेगळं. बरोबर?"

"बरोबर," कुणीतरी म्हणालं.

"मंग हे पानी कोनाच्या घरचं हाय, पुसलं कोनं?" आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाईच्या माठातलं."

एका गृहस्थांनी पेला सतरंजीवर ठेवला. एक जण उठून नळापाशी गेले आणि त्यांनी चूळ भरली. सेक्रेटरींचा पेला अर्धा भरलेला तसाच हातात राहिला, ना ओठाला ना खाली.

"झालं," सर हळूच म्हणाले. "दोन घरं झाली. मंग अट लागू झाली."

युक्तिवाद बिनतोड होता. सगळ्यांना कळला. पण त्या नळावरचा चूळ भरण्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. मी ताडकन उठले.

"सर, तुमी वस्तू दिली अन् नकाशा नाई दिला."

ते माझ्याकडे वळले.

"कोनाचं पानी, कुठून आनलं, हे आधी सांगाले पायजे होतं. घेनाऱ्याले सांगाले पायजे होतं, अन् माह्या मायलेही. तुमी दोघायलेही फसवलं. तुमची अट तुमाले नाई का?"

मी थांबले नाही. कळशी उचलली, घरी गेले, पुन्हा भरली आणि परत येऊन सगळ्यांसमोर उभी राहिले. "हे आमच्या घरचं पाणी आहे. आमच्या मायनं भरलेलं. आता ज्याला घ्यायचं त्यानं सांगून घ्या."

पहिल्यांदा उठल्या त्या सेक्रेटरींच्या सासूबाई. गुडघे धरत, कण्हत आल्या, ओंजळ पुढे केली. "ओत वं बाई. मघाही गारच होतं, आताही गारच हाय." मग कोपऱ्यात बसलेले पोस्टातले एक गृहस्थ आले, मग दोघीतिघी बायका. सगळे आले नाहीत. सेक्रेटरी आले नाहीत. पण सासूबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि जावयाकडे वळून म्हणाल्या, "अन् आता मास्तरले तो कूलर उघडू दे. माहा गुडघा हाय त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर बल्बचं एक होल्डर आणि दोन तारा घेऊन आले. एक तार सेक्रेटरींच्या कूलरच्या पेटीला, दुसरी अंगणात ठोकलेल्या ओल्या लोखंडी कांबीला. कूलर सुरू केला आणि बल्ब पेटला. बारीक, तांबडा, पण पेटला. सासूबाई बल्बकडे, मग पेटीकडे, मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. आतून पाहिलं तर पंख्याची तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती आणि वरून पाणी. सेक्रेटरी घामानं भिजून गेले होते. "सर, बाकीच्या घरांत काय काय बदललंय ते मी बसून सांगतो," ते म्हणाले, आणि खरंच सांगितलं. वेल्डिंगवाल्यालाही बोलावून घेतलं. मनाई होती तरी अंगणं खणली गेली, तारा जोडल्या गेल्या. त्या उन्हाळ्यात वसाहतीत कुणी दगावलं नाही. सेक्रेटरींनी आमच्या घरचं पाणी पुढेही कधी घेतलं नाही, पण जाता-येता मला नमस्कार मात्र करू लागले. माणसं अशी असतात.

मायला झालेलं सगळं कुणीतरी सांगितलं होतं. त्या दुपारी सर आमच्याकडे आले आणि खुर्ची असूनही खाली बसले.

"माय, चुकलं माह्यं."

माय भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. "आज कोनाले पाजाले नेता मास्तर?"

"कोनाले नाई."

"माह्या माठाले आजवर कोनी जात पुसली तं म्या सांगतली. पन तुमी त्याले चार मानसात उभं करून सांगाले लावली. मले विचारून उभं केलं असतं, तं म्याच घेऊन आली असती."

सरांच्या टोपीखालून पाणी गळत होतं, ते पंचाचं की कशाचं ते मी पाहायला गेले नाही. मायनं त्यांना पाणी दिलं नाही. चहा दिला. सर तो प्यायले आणि गेले.

शाळा उघडायच्या आत माझी बदली अमरावतीला झाली. कूलर मी पुढच्या भाडेकरूसाठी मागे ठेवला. वसाहतीतल्या कूलरांवर नकाशाच्या पाट्या सर पावसाळ्यात रंगवणार होते, ते मी पाहिलं नाही. सरांचं पत्र नाही, माझंही नाही. रागही गेला नव्हता, आणि आठवणही जात नव्हती. जवस भाजताना तर हमखास येई. मग कळलं की ते निवृत्त होऊन गावी गेले आणि एका हिवाळ्यात वारले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात परीक्षेच्या कामासाठी मला मोर्शीला पाठवलं. संत्र्याची बाग असलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी उतरायची सोय होती. मी पोचले ती उन्हातून करपून. घरधन्यानं मला कूलरसमोर बसवलं, त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या हातात दिला. हवा आली आणि तिच्याबरोबर तो वाळ्याचा वास. मी उठून कूलरच्या मागे गेले. अंगणातला खड्डा ओला होता. पाठीवर पाटी होती.

अक्षर सरांचं नव्हतं, मोर्शीच्या कुठल्याशा पेंटरचं होतं, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. पण नकाशा तोच, अट तीच. खाली ओळी. 'चाके बसवली.' 'चाके काढली.' 'अर्थिंग काढले. कारण: अंगण खणावे लागू नये. वसाहत मंडळ.' 'अर्थिंग परत जोडले. कारण: जिवाला धोका. वसाहत मंडळ.' आणि त्याच्या खाली:

'एका माउलीच्या माठाचे पाणी तिला न विचारता, कोणाचे ते न सांगता लोकांना पाजले. कारण: वाद जिंकायचा होता. चूक माझी.'

त्याच्याही खाली पुढच्या लोकांच्या ओळी होत्या, वाळा मिळेना म्हणून गवत भरल्याची, पुन्हा वाळा बसवल्याची, पन्हळ मोठी केल्याची.

घरधनी मागे येऊन उभा राहिला. "ते मधातली ओळ काय हाय ते आमालेही समजत नाई बाई. अकोल्याच्या सोयऱ्यानं नकाशा देला, त्याच्या पाटीवर होती. तेले त्याच्या दोस्तानं देलता, त्याच्याही पाटीवर होती. कूलरचं तिच्यात काईच नाई. पन आधीची ओळ पुसाची नाई असं लिवलं हाय ना, मंग ठेवली."

मी मान हलवली. पदर तोंडाला लावून मी त्या पाटीपुढे उभी राहिले, आणि बिचाऱ्याला वाटलं मला उन्हानं भोवळ आली.

अमरावतीला परत आल्यावर मी मायला पाटीवरची ओळ म्हणून दाखवली. तिला डोळ्यांनी आता कमी दिसे, ती ओसरीवर जवस निवडत बसली होती. हात थांबले.

"मोर्शीच्या मानसाले काय ठाव माह्या माठाचं?"

"काही नाही. पण त्यानं ओळ पुसली नाही माय. अकोल्यापासून कुणीच पुसली नाही."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्या दिवशी चहा काहून देला म्या त्याले," ती म्हणाली. "पानीच द्याले पायजे होतं."